समुद्रावरचे चालते गाव : जहाजसफरीला निघण्यापूर्वी

माहुलच्या किनाऱ्यावरून मुंबई बंदराकडे पाहिले, की समुद्र हा सर्वप्रथम कष्टकरी वाटतो. जवाहर द्वीपाच्या धक्क्याला लागलेली तेलवाहू जहाजे, तेथून समुद्रतळाखालून माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांपर्यंत आलेल्या नळवाहिन्या, कोळीवाड्यातील होड्या आणि हिवाळ्यात खाडीच्या चिखलात उतरणारे रोहित पक्षी असे हे चित्र आहे. त्याच बंदरात आता वेगळ्या प्रकारची जहाजे नियमाने येऊ लागली आहेत. ती माल आणत नाहीत आणि तेलही नेत नाहीत. ती माणसांना घेऊन निघतात आणि दोन-चार दिवसांनी त्याच माणसांना त्याच धक्क्यावर परत आणून सोडतात.

२० सप्टेंबर २०२५ रोजी बॅलार्ड पिअर येथील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. वर्षाला सुमारे दहा लाख प्रवाशांची ये-जा येथून व्हावी, या हिशेबाने ही इमारत उभारली आहे. त्यापूर्वी वर्षभर, सप्टेंबर २०२४ मध्ये, केंद्र सरकारने मुंबई बंदरातूनच ‘क्रूझ भारत’ मोहीम जाहीर केली होती. साहजिकच आई-वडिलांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव, निवृत्ती, मुलांच्या परीक्षा संपल्याचा आनंद अशा निमित्तांनी आपल्या घरांतूनही ‘या वेळी जहाजाने जाऊ या’ असे म्हटले जाऊ लागले आहे. खर्च मोठा, सोबत वडीलधारी माणसे, आणि एकदा नांगर उचलला की मध्येच उतरता येत नाही. म्हणून असे जहाज कसे बांधलेले असते, त्यावर काय मिळते आणि पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे, हे नीट समजून घेतलेले बरे.

जुना वारसा

प्रवासी जहाज आणि मुंबई यांचे नाते नवे नाही. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. त्याच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. या कंपनीच्या संस्थापकांतील अग्रणी म्हणजे सोलापूरच्या जैन कुटुंबातील शेठ वालचंद हिराचंद. ‘लॉयल्टी’ हे मुळात १८९१ साली इंग्लंडमध्ये बांधलेले प्रवासी जहाज होते. त्याचे पहिले नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी ते घेतले आणि पहिल्या महायुद्धात ते रुग्णनौका म्हणून वापरले गेले. परकीय कंपन्यांची समुद्रावर मक्तेदारी असताना जुने का होईना, पण आपले जहाज पाण्यात उतरवण्याचे धैर्य त्या पिढीने दाखवले.

सर्वसामान्य मराठी माणसाच्या आठवणीतले जहाज मात्र कोकणची आगबोट. भाऊच्या धक्क्यावरून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले करीत ती दक्षिणेकडे जाई. अनेक ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून किनाऱ्याला लागत. डेकवर वळकटी पसरून जागा धरणे आणि बोट लागली की लिंबू हुंगत पडून राहणे, एवढ्याच त्या सोयी. तरीही ती बोट कोकणची जीवनवाहिनी होती.

त्या इतिहासाला एक काळी किनारही आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नसल्याने मुंबईला ही वार्ता कळण्यासही काही तास लागले. समुद्रावर सोयींच्या आधी सुरक्षितता पाहावी, हा धडा आपल्या किनाऱ्याने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे.

रचना समजून घेताना

जाहिरातीत जहाजाचे ‘टनेज’ ठळकपणे छापलेले असते. पुष्कळांना ते जहाजाचे वजन वाटते. वास्तविक ‘ग्रॉस टनेज’ हे जहाजातील बंदिस्त जागेचे माप आहे. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागले, की एका माणसाच्या वाट्याला किती मोकळीक येईल याचा अंदाज मिळतो. बँकेत ताळेबंद वाचताना आम्ही नुसता नफा न पाहता त्याचे भांडवलाशी असलेले प्रमाण पाहत असू. येथेही तसेच करावे.

मुंबईहून सफरी करणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाचे टनेज सुमारे ४८,५०० आहे. प्रत्येक खोलीत दोघे धरले तर प्रवासी सुमारे सोळाशे. म्हणजे हे प्रमाण तीसच्या आसपास येते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील मायामीहून पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या ३६५ मीटर लांबीच्या जहाजाचे टनेज सुमारे अडीच लाख आणि त्याच हिशेबाने प्रवासी सुमारे ५,६००. तेथे प्रमाण चव्वेचाळीसच्या घरात जाते. खोलीत तिसरे-चौथे माणूस आले, की हे प्रमाण उतरते. सुट्टीच्या हंगामात जेवणघरापुढे आणि उद्वाहनापुढे रांगा का लागतात, याचे उत्तर या भागाकारात आहे.

दुसरी बाब खोलीची. जहाज पुढे-मागे आणि दोन्ही कुशींवर हेलकावते. झोपाळ्याची दोरी जेथे बांधलेली असते तेथे हालचाल कमी आणि पाटाच्या टोकाला जास्त, तसेच जहाजाचे आहे. मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. उंचावरच्या, टोकाच्या खोल्यांतून देखावा सुंदर दिसतो, पण बोट लागण्याचा त्रासही तेथेच अधिक. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंस पंखांसारखे स्थिरक बसवलेले असतात. त्यांनी डुलणे पुष्कळ कमी होते, पण ते पूर्णपणे थांबत नाही. ज्येष्ठांसाठी मध्यभागातील, उद्वाहनाजवळची खोली घ्यावी. बिनखिडकीची खोली स्वस्त असते. मात्र ज्यांना कोंदट जागेत गुदमरल्यासारखे होते त्यांच्यासाठी ती घेऊ नये. सुंठेची लहानशी डबी आणि डॉक्टरांनी दिलेले औषध जवळ असावे.

मुंबईची तीन जहाजे

अलीकडच्या काळात मुंबईने तीन जहाजे पाहिली आणि तिन्ही दुसऱ्या हातची होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. १९९७ साली जपानमध्ये बांधलेली, १३१ मीटर लांबीची ही नौका पूर्वी ओगासावारा बेटांना जाणारी प्रवासी बोट होती. दुपारी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्याला पोहोचणे, म्हणजे जुन्या आगबोटीचेच सुखवस्तू रूप. करोनाच्या काळात ती सेवा थांबली.

एप्रिल २०१९ मध्ये ‘कर्णिका’ आली. १९९० साली इटलीत बांधलेल्या या सत्तर हजार टनी जहाजाचे बाह्यरूप विख्यात वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी रेखाटले होते आणि त्याचा अग्रभाग डॉल्फिनच्या मस्तकाची आठवण करून देई. टाळेबंदीत कंपनी कोलमडली आणि २०२० साल संपण्यापूर्वीच ते देखणे जहाज अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाले.

सप्टेंबर २०२१ पासून ‘एम्प्रेस’ चालू आहे. तेही १९९० चेच, फ्रान्समधील सेंट नाझेर येथे बांधलेले. त्याची मूळ रचनाच तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी केलेली होती. त्यामुळे गोवा, कोची, लक्षद्वीप अशा आपल्या मार्गांना ते बरे जुळले. लक्षद्वीपला एवढ्या मोठ्या जहाजाला लागण्याजोगा धक्का नाही. प्रवाशांना लहान नौकांतून किनाऱ्यावर नेतात. म्हणजे जुना पडाव नव्या वेषात परत आला आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी त्या चढ-उताराचा विचार आधी करावा.

जुने जहाज म्हणजे वाईट जहाज नव्हे. ठरावीक मुदतीने गोदीत नेऊन तपासणी करणे प्रत्येक प्रवासी जहाजाला बंधनकारक असते. परंतु दुसऱ्यांच्या सवयी डोळ्यांपुढे ठेवून बांधलेल्या जहाजात भारतीय कुटुंबाला थोडे जुळवून घ्यावे लागते. तीन पिढ्यांनी एकत्र बसावे अशी शांत दालने कमी, जुगाराची व मद्याची दालने मात्र प्रशस्त असतात. भारतीय कुटुंबासाठी, भारतीय गोदीत बांधलेले मोठे विहारजहाज अजून व्हायचे आहे. वालचंदशेठांनी १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला, त्या परंपरेतले हे काम अपुरे राहिले आहे.

ताट आणि घड्याळ

आपल्या वाचकांचा पहिला प्रश्न जेवणाचा असतो, आणि तो रास्तच आहे. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर जैन जेवण मिळते. तरीही आरक्षणाच्या वेळी नेमके शब्द वापरावेत. ‘जैन’ म्हणजे केवळ कांदा-लसूण नको, एवढाच अर्थ अनेकदा घेतला जातो. बटाटा, गाजर, बीट, ओले आले यांसह कोणतेही कंदमूळ नको हे लेखी कळवावे. पावामध्ये आणि केकमध्ये अंडे, गोड पदार्थांत जिलेटीन असू शकते. भांडी, तेल आणि शिजवण्याची जागा वेगळी आहे काय, हेही विचारावे.

दुसरा प्रश्न वेळेचा. चौविहार पाळणाऱ्यांसाठी तो पदार्थांइतकाच महत्त्वाचा. डिसेंबरात मुंबईच्या किनाऱ्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सात वाजून गेल्यावर. जहाजावरचे रात्रीचे जेवण मात्र बहुधा त्यानंतर सुरू होते. सूर्यास्तापूर्वी ताट मिळेल काय, नवकारशीनंतरची न्याहारी आणि उकळलेले पाणी मिळेल काय, याचे उत्तर ईमेलने घ्यावे आणि त्याची प्रत सोबत ठेवावी. जहाजावर पाय ठेवताच मुख्य आचाऱ्याची किंवा जेवणघराच्या व्यवस्थापकाची भेट घ्यावी. पहिल्या दिवशी शांतपणे सांगितलेली गोष्ट सहसा पार पडते. तिसऱ्या दिवशी रागाने सांगितलेली पडत नाही.

योगायोग असा, की पावसाळ्यात पश्चिम किनारा खवळलेला असतो आणि मुंबईचा सफरींचा हंगाम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या घरांना हे वेळापत्रक सोयीचेच आहे.

हिशेब आणि सेवा

जहाजाचे भाडे ‘प्रतिमाणशी’ सांगतात. त्यात खोलीत दोघे असतील हे गृहीत असते. एकट्याने जाणाऱ्याला पुष्कळ जास्त पडते. भाड्यावर बंदरशुल्क, वस्तू व सेवा कर, सेवाशुल्क चढते. पेये, खास उपाहारगृहे, इंटरनेट, कपड्यांची धुलाई, किनाऱ्यावरच्या सहली आणि डॉक्टरांची फी हे बहुधा वेगळे. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा जवळपास तिसरा हिस्सा अशा जहाजावरील खर्चातूनच येतो. भाडे स्वस्त दिसण्याचे कारण त्यातच आहे. जहाजावर रोख रक्कम चालत नाही. खोलीच्या कार्डावर खर्च चढत जातो आणि हातातून नोट सुटत नसल्याने तो जाणवत नाही. रोज सकाळी स्वागतकक्षात खात्याचा उतारा मागावा. शेवटच्या रात्री एकदम बिल पाहण्यापेक्षा हे शहाणपणाचे. आरक्षण रद्द करण्याचे नियम आणि विमा, विशेषतः समुद्रावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च, पैसे भरण्यापूर्वीच वाचावा.

सेवेचा दर्जा शेवटी माणसांवर ठरतो. जगभरच्या जहाजांवर गोवा, मुंबई आणि कोकणातील हजारो तरुण काम करतात. कित्येक महिने घरापासून दूर, आठवड्याची सुट्टी नाही. त्यांच्यासाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रमकरार आहे. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे. आपली खोली आवरणारा मुलगा तेरा-चौदा तास उभा असू शकतो. ताटात टाकलेले अन्न आणि विनाकारण दिलेला हाकारा त्याच्याच श्रमात भर घालतो.

सर्वांत आधी जीव

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिलिओ बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली आणि ३२ जण दगावले. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांना आपत्कालीन सराव दिलाच गेला नव्हता. कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो चोवीस तासांत केला तरी चालत असे. २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच हा सराव सक्तीचा झाला आहे. आपल्याच बंदरात १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगवान नौका धडकली आणि पंधरा जण मृत्युमुखी पडले. सराव सुरू असताना छायाचित्रे काढत बसणारी मंडळी पाहिली की वाईट वाटते. आपले जमण्याचे ठिकाण कोणते, जीवरक्षक जाकीट कोठे आहे, ते आजी-आजोबांना व मुलांना कसे घालायचे, एवढे पंधरा मिनिटांत शिकून होते.

जीव म्हणताना किनाऱ्यावरची माणसेही ध्यानात घ्यावीत. जहाज धक्क्याला लागले तरी दिवे, वातानुकूलन आणि स्वयंपाकघर यांसाठी त्याची यंत्रे बहुधा चालूच राहतात. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली, हे चांगलेच झाले. धक्क्यावरच वीजजोडणी मिळाली तर हा धूर आणखी घटेल. कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या माहुलकरांना हवेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मजा जहाजावरच्यांची आणि धूर किनाऱ्यावरच्यांचा, अशी वाटणी नसावी. सफर निवडताना कंपनी सांडपाण्याचे आणि प्लास्टिकचे काय करते, हे एका वाक्यात विचारावे. ग्राहक विचारू लागले, की कंपन्या उत्तरे शोधू लागतात.

समुद्र पाहावा, आई-वडिलांना दाखवावा, त्यासाठी साठवलेला पैसाही खर्चावा. पण खोली कोठे, ताट कसे, बिल किती आणि जाकीट कोठे, या चार प्रश्नांची उत्तरे घरून निघण्यापूर्वी कागदावर असावीत. मग डेकवर खुशाल निश्चिंत बसावे.