'माग' वाचणारी मुलगी
घर हीच पहिली शाळा : लेखांक 6

मागच्या रविवारी सोलापुरात नवी पेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात वह्या घ्यायला गेले होते. शेजारी एक आजी आणि त्यांची सून उभ्या होत्या. आजींच्या हातात अंकलिपी, सुनेच्या हातात मोबाइल. मोबाइलवर वाचन शिकवणाऱ्या एका ॲपची जाहिरात होती, वर्षाची वर्गणी भरली की तीन महिन्यांत मूल वाचायला लागेल अशी हमी देणारी. आजी म्हणत होत्या, "आम्ही सगळे ह्याच्यावरच शिकलो की." सून म्हणाली, "आई, आता तसं राहिलं नाही." तेवढ्यात दुकानदारानं तिसरीच वस्तू पुढे ठेवली, रंगीत पेटीतला इंग्रजी फोनिक्सचा संच. आयुष्यभर पहिलीचा वर्ग घेतलेल्या बाईला गावात कुणी ना कुणी ओळखतंच. दोघी माझ्याकडे वळल्या, "बाई, तुम्हीच सांगा, काय घ्यावं?" दुकानात उभ्या उभ्या देण्यासारखं ते उत्तर नव्हतं. आज सविस्तर देते.

फोनिक्सपासून सुरुवात करते, कारण आई-वडिलांचा पैसा आज सगळ्यात जास्त तिकडे जातो. फोनिक्स ही पद्धत चांगली आहे, पण ती इंग्रजीच्या अडचणीतून जन्मलेली आहे. इंग्रजीत अक्षरं 26 आणि उच्चार साधारण 44. त्यात अक्षराचं नाव एक आणि शब्दातला आवाज दुसराच. 'एस' म्हणायचं आणि वाचताना 'स्' करायचा, 'डब्ल्यू' म्हणायचं आणि 'व्' करायचा. लहान मूल तिथेच अडखळतं. म्हणून इंग्लंडमध्ये 1992 साली आलेल्या 'जॉली फोनिक्स'सारख्या कार्यक्रमांनी नावं बाजूला ठेवली आणि 42 ध्वनी शिकवायला घेतले. मराठीत 'म'चं नाव 'म' आणि आवाजही 'म'. मराठी वाचता यावं म्हणून फोनिक्सचा संच आणणं म्हणजे नसलेल्या दुखण्यावर औषध घेणं.

तरी त्या पेटीतली एक गोष्ट आपण जरूर उचलावी. तिथे सुरुवात ए, बी, सी, डी अशी होत नाही. पहिली सहा अक्षरं येतात एस, ए, टी, आय, पी, एन. कारण त्यांतून लगेच 'पिन', 'टिन', 'सॅट' असे शब्द तयार होतात. मूल पहिल्या काही दिवसांतच खराखुरा शब्द वाचतं.

आता आपली अंकलिपी उघडा. अ अननसाचा, आ आईचा, पुढे ऐ ऐरणीचा, ऋ ऋषीचा. मग क, ख, ग, घ आणि ङ. वर्णमालेचा हा क्रम कंठापासून ओठांपर्यंत उच्चाराच्या जागांप्रमाणे लावलेला आहे आणि शास्त्र म्हणून तो फार देखणा आहे. पण पाच वर्षांच्या मुलाला 'ङ'चं काय काम? ऐरण तरी त्यानं कुठे पाहिलेली असते? सगळे स्वर झाले, 34 व्यंजनं झाली, की बाराखडी. चौतीस गुणिले बारा, म्हणजे 408 रूपं. एवढा डोंगर चढेपर्यंत मुलाच्या हाती एकही वाक्य लागत नाही. बाराखडी ते चालीवर पाठ करतं. मध्येच 'कु' कुठला म्हणून विचारा. मूल पुन्हा 'क का कि की' म्हणत 'कु'पर्यंत चालत येतं आणि मग बोट ठेवतं. वर्गात हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे.

आजी म्हणाल्या तेही खोटं नाही, त्या शिकल्या. पण त्यांच्याच वर्गातली जी मुलं या वाटेनं वाचू शकली नाहीत, ती दुसरी-तिसरीत शाळा सोडून कामाला लागली. 'आम्हाला ह्याच्यावर नाही आलं' असं सांगायला ती या दुकानात येत नाहीत.

मग करावं काय? जुन्या शिक्षकांना 'गमभन' हा शब्द ठाऊक आहे. ग, म, भ, न या चारही अक्षरांना उजवीकडे उभी रेघ आहे, त्यामुळे हात लवकर बसतो. त्यांच्या जोडीला पहिल्याच आठवड्यात काना दिला की केवढे शब्द उघडतात बघा : मग, मन, मान, मामा, नाना, नाग, भाग. आणि माग.

या 'माग'ची एक आठवण सांगते. साखर पेठेत मी राहत होते तेव्हा शेजारची एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे यायची. घरी तेलुगू. आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, वडील यंत्रमागावर. पोरीला सगळी मुळाक्षरं तोंडपाठ होती, पण पुस्तक समोर ठेवलं की गप्प. मी जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून चिठ्ठ्या केल्या, एकीवर 'मा', दुसरीवर 'ग'. ती बोट ठेवून म्हणाली, "मा... ग." थांबली. पुन्हा म्हणाली, "माग." आणि एकदम तिनं भिंतीकडे मान वळवली. भिंतीपलीकडे खटक-खटक चालूच होतं. "मग्गम!" ती ओरडली. तेलुगूत मागाला मग्गम म्हणतात, कन्नडमध्ये मग्ग. कुणी म्हणेल, लिहिलं होतं माग आणि वाचलं मग्गम, म्हणजे चूक. मी ती चूक धरली नाही. पुठ्ठ्यावरच्या रेघा आणि भिंतीपलीकडचा आवाज एकच आहेत हे तिला कळलं होतं. मुळाक्षरांच्या घोकंपट्टीत हे तिला एकदाही कळलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात ब, र, व दिले आणि तिनं पहिलं वाक्य वाचलं : बाबा मागावर. सात अक्षरं आणि एक काना, एवढ्या भांडवलावर.

अक्षरांचे छोटे गट, सोबत एखाद-दुसरं स्वरचिन्ह आणि लगेच ओळखीचे शब्द, ही दिशा महाराष्ट्रात नवी नाही. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी याच दिशेनं काम केलं. त्या जन्मानं अमेरिकन, भाषाशास्त्रज्ञ, फलटणला येऊन राहिल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. 1984 मध्ये त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. ज्या घरांत पुस्तक नव्हतं अशा घरांतली मुलं वाचती कशी होतील, हा त्यांच्या कामाचा गाभा. अलीकडच्या काळात पालघरच्या वाडा तालुक्यात आणि आपल्याकडून कलबुर्गी ओलांडलं की लागणाऱ्या यादगीर जिल्ह्यात अभ्यासकांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षं माग काढला. एकीकडे मराठी, दुसरीकडे कन्नड, लिपी वेगळ्या, पण दुखणं सारखंच निघालं. अक्षरओळखीतच इतका वेळ जात होता की वाचलेल्याचा अर्थ लावणं मागे पडत होतं.

स्वरचिन्हांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण मराठी वाचनाची खरी परीक्षा तिथेच आहे. 'पिन' हा शब्द घ्या. डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, मग 'प'. जिभेला मात्र आधी 'प्' म्हणायचा आहे आणि मग 'इ'. मूल इथे गडबडतं ते मंद आहे म्हणून नव्हे, लिपीच तशी आहे. म्हणून मी काना आधी देते, मग दुसरी वेलांटी, मग एक मात्रा आणि पहिली वेलांटी बरीच नंतर. दुसरी अडचण 'कमळ'सारख्या शब्दाची. मूल 'क... म... ळ...' असं तुकड्या-तुकड्यानं म्हणतं आणि त्याला फूल दिसत नाही, कारण बोलताना आपण शेवटचा 'ळ' अर्धवटच सोडतो. अशा वेळी "पुन्हा नीट वाच" म्हणून दामटू नका. "आता पटकन म्हण" एवढंच म्हणा. तिसऱ्या वेळी त्याच्या तोंडून 'कमळ' येतं आणि चेहरा बदलतो. घरात शिकवायचं ते या क्षणासाठी.

आता सोलापूरचा खास प्रश्न. कोणत्या भाषेत? पूर्व भागात घरोघरी तेलुगू आहे, अक्कलकोटकडे कन्नड आहे, कितीतरी मोहल्ल्यांत उर्दू किंवा दखनी. महापालिकेच्या शाळाच इथे मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांच्या आहेत. त्यावर इंग्रजी माध्यमाची ओढ. चार भाषांच्या या शहरात पालक विचारतात, "बाई, एकदम सगळंच सुरू करू का?" माझं मत स्पष्ट आहे. वाचनाची पहिली लिपी एकच धरा आणि ती अशा भाषेची धरा, जिच्यात मूल लांबलचक वाक्यं बोलतं, भांडतं, तक्रार सांगतं. कानाला ठाऊक असलेला शब्दच डोळ्यांना लवकर ओळखता येतो. अनेक पद्मशाली घरांत आई-वडील तेलुगू बोलतात, पण मराठी शाळेत शिकल्यामुळे तेलुगू लिपी वाचत नाहीत. तिथे गोष्टी तेलुगूत सांगा आणि वाचायला मराठीत शिकवा. मुलानं 'माग' वाचून 'मग्गम' म्हटलं तर आनंद माना. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तरी आधी काही महिने मराठी वाचन पक्कं करा. एकदा 'चिन्ह म्हणजे आवाज' ही गोष्ट एका लिपीत डोक्यात बसली की ती दुसऱ्या लिपीत नव्यानं शिकावी लागत नाही. मग इंग्रजीसाठी फोनिक्स खुशाल आणा, त्याचा उपयोगच होईल.

ॲपबद्दल माझा राग नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, तेव्हा मोबाइलचा किती चांगला उपयोग होऊ शकतो ते आपल्याच जिल्ह्यानं दाखवलं. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, 10 लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या 9 अंतिम स्पर्धकांत वाटली. पण ॲप घेण्याआधी एक बघा : त्यात मूल बोलतं की नुसतं ऐकतं? गुगलनं 2019 मध्ये 'बोलो' काढलं, पुढे 'रीड अलाँग' या नावानं ते मराठीतही आलं. त्यात मूल मोठ्यानं वाचतं आणि यंत्र ऐकतं. असा प्रकार कामाचा. रंगीत अक्षरं नाचतात, गाणं वाजतं आणि मूल तोंड उघडं ठेवून बघत बसतं, त्याला वाचन म्हणत नाहीत. शिवाय बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात, प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट आहेत. हे सगळं वापरून झाल्यावरच वर्गणीचा विचार करा.

पैसे खर्च करायचेच असतील तर पुस्तकांवर करा. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घरात असू द्या. मुलाला मांडीवर घेऊन बोट फिरवत वाचून दाखवा. वाचून दाखवणं बंद करून नुसतं वाचायला लावणारा कोणताही कार्यक्रम मी घरात आणणार नाही.

वयाचंही सांगते. माझ्या नात्यातल्या चार वर्षांच्या मुलाला शाळेतून रोज दोन पानं लिहून आणायला सांगतात. पेन्सिल धरताना त्याची बोटं पांढरी पडतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी उभी केली, ती मुलांच्या आसपासच्या वस्तू, गाणी आणि गप्पा यांच्या आधारावर. चार-पाच वर्षांपर्यंत तेवढंच भरपूर द्या. सहाव्या वर्षी मूल आपण होऊन विचारायला लागतं, "हे काय लिहिलंय?" तेव्हा सुरू करा.

तर दुकानात कोणतीही पेटी, पुस्तक किंवा ॲप हाती आलं की सरळ तिसरं पान उघडा. तोवर शिकवलेल्या अक्षरांतून मुलाला ओळखीचा एखादा शब्द वाचता येतो का, काना आला आहे का, एवढंच बघा. येत नसेल तर ते परत ठेवा. या कसोटीवर त्या दिवशीच्या तिन्ही वस्तूंपैकी मराठीसाठी एकही घेण्यासारखी नव्हती. आजींची अंकलिपी मात्र चित्रं बघायला आणि गप्पा मारायला घरी असायला हरकत नाही.

या आठवड्यात जुन्या पत्रिकांचे पुठ्ठे कापा. ग, म, भ, न लिहा, काना असलेली चार वेगळी लिहा. रात्री जेवणानंतर 15 मिनिटं मुलासोबत बसा, त्याहून जास्त नको. तुमच्या घरातले, तुमच्या गल्लीतले कोणते शब्द या आठ चिठ्ठ्यांतून होतात ते मुलालाच शोधू द्या. पुढच्या लेखांकात ब, र, व आणि दुसरी वेलांटी घेऊ, तोवर पुठ्ठे तयार ठेवा.