पिंजऱ्याचं दार उघडं, तरी पक्षी उडत का नाही?

देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव या लोकलच्या पट्ट्यात वस्ती वाढली, तसे गॅलऱ्यांतले पिंजरेही वाढले. त्यांत बहुधा बजरी असतात (बाजारात त्यांनाच सरसकट ‘लव्ह बर्ड’ म्हणतात), कुठे कॉकाटील. पाळणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते: दार उघडं ठेवलं तरी हा बाहेर येत नाही, आला तरी पडद्याच्या दांडीवर बसून राहतो, आळशी आहे.

आळशी हा शब्द मला फार अन्यायाचा वाटतो. हे दोन्ही पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले. पाऊस कुठे पडला, गवताला बी कुठे धरलं, याच्या शोधात थव्याने दूरदूर भटकणारी ही जात. उडणाऱ्या अनेक पक्ष्यांत छातीचे स्नायू शरीराच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के असतात. वापर थांबला की ते झिजतात. महिनोन्‌महिने दीड फुटाच्या पिंजऱ्यात बसलेल्या पक्ष्याला उडावंसं वाटत असलं, तरी अंगात ते बळ उरलेलं नसतं. कधी त्यामागे आजारही असतो. म्हणून व्यायामाआधी पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला दाखवून घ्यावं.

‘आमचा कसा गुटगुटीत आहे’ हे कौतुकाने सांगितलं जातं, आणि घोटाळा इथेच होतो. पक्ष्याच्या छातीच्या मधोमध एक उभं हाड असतं. निरोगी पक्ष्यात ते बोटाला हलकं जाणवतं, दोन्ही बाजूंना भरीव स्नायू लागतो. हाड सुरीसारखं टोचलं तर पक्षी रोडावला आहे. चाचपूनही सापडलं नाही तर चरबी चढली आहे. नुसतं पाहून कळत नाही, कारण पिसं सगळं झाकतात. बजरीचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्यात पाच ग्रॅम वाढणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं आठ-नऊ किलोंनी वाढणं. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरतो. रोज सकाळी, दाणे देण्याआधी वजन करून वहीत लिहावं.

ही चरबी येते वाटीतून. सूर्यफुलाच्या सोललेल्या बीमध्ये वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. पक्ष्याला ते आवडतं, म्हणून आपण वाटी भरत राहतो. नुसत्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं, यकृतात चरबी साठते. राळं, बाजरी थोडी. सोबत कोथिंबीर, गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला. मिरचीही चालते. मिरचीने पोपट बोलायला लागतो हे मात्र खरं नाही: तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, तिच्यातून मिळतं ते जीवनसत्त्व. आणि मावळातल्या पावसाळ्यात दाण्यांचा डबा रोज हुंगून बघा. दमट हवेत दाण्यांना बुरशी लागते, ती या जिवांना घातक ठरते.

वजन उतरवायला उपाशी ठेवणं मात्र जिवावरचं. एवढ्या लहान पक्ष्याजवळ फार साठा नसतो, एका दिवसाच्या उपासानेही तो मरू शकतो. नवं अन्न जुन्यात हळूहळू मिसळायचं. वजन दहा टक्क्यांनी घटलं, तर थेट डॉक्टरकडे.

पंख कापले की पक्षी सुरक्षित, हाही समज पक्का आहे. कापलेलं पीस केसासारखं वाढत नाही. ते गळून नवं येईपर्यंत, म्हणजे पुढच्या पीसगळीपर्यंत, तसंच राहतं. तोवर तो धडपडून पडतो, छाती आपटतो, घाबरतो. उडायला शिकण्याआधीच पंख कापलेल्या पिल्लाला पुढेही नीट उतरता येत नाही. सुरक्षितता खोलीला द्यावी: छताचा पंखा बंद, खिडक्यांना पडदे, बादल्यांवर झाकण, गॅस बंद. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतो.

‘हवेत सोडला की आपोआप उडेल’ म्हणून हातावरून उडवून देणारे पाहिले की जीव तुटतो. त्यातून पक्षी उडायला शिकत नाही, हाताला भ्यायला शिकतो. त्याला उडण्यात काही मिळालं पाहिजे. राळ्याचं कणीस बोटाजवळ धरा आणि दांडीवरून बोटावर एक पाऊल टाकायला लावा. ते जमलं की वीतभर उडी, मग हातभर अंतर, मग खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुरुवातीला उतरण्याची जागा समान उंचीवर किंवा किंचित वर असावी; खाली उतरणं नवख्याला अवघड जातं. काही मिनिटंच, दिवसातून दोन-तीनदा, तो दमण्याआधी थांबायचं. चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला तर लगेच विश्रांती. बसल्याजागी शेपूट श्वासाबरोबर वरखाली होत असेल, तर ते आजाराचं लक्षण आहे.

पिंजरा घेताना उंची बघू नका, लांबी बघा. पक्षी आडवा उडतो, लिफ्टसारखा वर जात नाही. दाणे एका टोकाला, पाणी दुसऱ्या टोकाला ठेवा. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्यांऐवजी पेरूच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या लावा, पायांनाही व्यायाम होतो.

आता राघूबद्दल. गळ्याला कंठी असलेला आपला हिरवा पोपट आणि मोठा पहाडी पोपट यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. ते घरी पाळणं गुन्हा आहे, मग पिल्लू कितीही प्रेमाने वाढवलेलं असो. पण कायदा कळला म्हणून गच्चीवरून सोडून देणंही चूक. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेला राघू दहा मीटर उडून बसतो, आणि कावळे, शिक्रा, मांजर यांच्या तावडीत सापडतो. बजरी किंवा कॉकाटील बाहेर सोडणं तर त्यांना मरायला सोडणंच. राघू असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. त्याला आधी लांब पिंजऱ्यात सलग उडता आलं पाहिजे, फळं स्वतः शोधून खाता आली पाहिजेत आणि माणूस दिसताच दूर जाता आलं पाहिजे. हे सगळं जमल्यावरच त्याला मोकळं करता येतं.