शेळ्या-मेंढ्यांचे लंगडणे

शेळ्या-मेंढ्यांच्या लंगडण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे खूरकुज. पावसाळ्यात कळप सतत चिखलात उभा राहिला की खुरांच्या बेचक्यातील कातडी मऊ पडून सोलवटते आणि तेथून जिवाणू आत शिरतात. त्यांतील मुख्य जिवाणू डायकेलोबॅक्टर नोडोसस. सुरुवातीला बेचके लाल व ओलसर दिसते. पुढे खुराचे कवच आतील मांसापासून सुटते, राखाडी घाण साचते आणि उग्र दुर्गंधी येते. वेदनेमुळे मेंढी पुढचे गुडघे टेकून चरते, खंगते, दूध आटते.

काटा रुतणे, खूर वाढणे, सांधे सुजणे यांमुळेही जनावर लंगडते. तोंडात फोड असतील किंवा एकाच वेळी अनेक जनावरे लंगडू लागली, तर लाळ्या-खुरकूत असण्याची शक्यता धरून तातडीने पशुवैद्यकांना बोलवावे.

खूरकुजीत आजारी जनावर वेगळे, कोरड्या जागी बांधावे. प्रतिजैविक पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच द्यावे. खूर रक्त येईपर्यंत कापू नये. तसे केल्यास जखम भरायला उशीर लागतो. दहा लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट मिसळून त्यात पाय बुडवावेत आणि नंतर जनावर कोरड्या फरशीवर उभे करावे. त्याऐवजी मोरचुदाचे द्रावण वापरल्यास ते मेंढ्यांना विषारी ठरू शकते, म्हणून ते त्यांच्या पिण्यात येऊ देऊ नये.

हा जिवाणू खुराबाहेर साधारण दोन आठवड्यांपेक्षा जास्त तगत नाही. म्हणून बाधित कुरण तेवढे दिवस मोकळे ठेवावे, वाडा उंच व कोरडा राखावा आणि विकत आणलेले जनावर खूर तपासल्याशिवाय कळपात सोडू नये.