जालजोडण्यांचे एकत्रीकरण

जालजोडण्यांचे एकत्रीकरण : सर्व्हर संगणकाच्या दोन वा अधिक जालजोडण्या एकत्र बांधून त्यांपासून एकच तार्किक जोडणी तयार करण्याची पद्धती. व्यवहारात हिला ‘बाँडिंग’ म्हणतात. एखादी केबल, नेटवर्क कार्ड वा स्विच निकामी झाल्यास संदेशवहन खंडित होऊ नये आणि माहितीचा भार अनेक मार्गांवर वाटला जावा, असे तिचे दोन उद्देश आहेत. यांपैकी पहिला जितक्या सहजपणे साध्य होतो, तितका दुसरा होत नाही.

इतिहास : १९९४ मध्ये टॉमस स्टर्लिंग व डॉनल्ड बेकर यांनी अमेरिकेतील नासाच्या गॉडर्ड केंद्रात १६ साध्या संगणकांचा ‘बेओवुल्फ’ हा समूह लिनक्स प्रणालीवर उभारला. त्या काळचे सेकंदाला १० मेगॅबिट वेगाचे ईथरनेट अपुरे पडत असल्याने त्यांनी एकाहून अधिक ईथरनेट मार्ग एकत्र वापरले. लिनक्समधील बाँडिंग ड्रायव्हरचे मूळ बेकर यांच्या या कार्यात आहे. २००० मध्ये आयईईई या संस्थेने ८०२.३एडी हे मानक प्रसिद्ध केले. २००८ मध्ये ते ८०२.१एएक्स या मानकात अंतर्भूत झाले.

प्रकार : लिनक्समध्ये एकत्रीकरणाचे सात प्रकार आहेत. त्यांपैकी तीन महत्त्वाचे होत. ‘सक्रिय-राखीव’ प्रकारात एकच जोडणी काम करते व ती बंद पडताच दुसरी तिची जागा घेते. यासाठी दोन्ही केबली दोन स्वतंत्र स्विचांना जोडता येतात. ‘पाळीपाळीच्या’ प्रकारात लागोपाठची पॅकेटे आळीपाळीने निरनिराळ्या जोडण्यांवरून जातात. त्यामुळे एकाच प्रवाहाचा वेग वाढू शकतो. तथापि पॅकेटांचा क्रम बिघडण्याचा संभव असतो. मानकानुसारी प्रकारात सर्व्हर व स्विच परस्परांना ठराविक काळाने, म्हणजे ३० सेकंदांनी वा १ सेकंदाने, संदेश पाठवून जोडण्यांची खातरजमा करतात. येथे पॅकेटांवरील पत्ते व पोर्ट क्रमांक यांवरून मार्ग ठरतो. साहजिकच एका प्रवाहाची सर्व पॅकेटे एकाच जोडणीवरून जातात. तसेच सर्व्हरकडे येणाऱ्या माहितीची वाटणी सर्व्हर नव्हे, तर स्विच करतो.

मर्यादा : ही मर्यादा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळच्या परिसरापासून जवळच, जुन्नर तालुक्यात खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राचा महाकाय मीटर-तरंग रेडिओ दूरदर्शक आहे. त्यात प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेना असून त्यांचे संकेत प्रकाशीय तंतूंवरून मध्यवर्ती केंद्रात येतात. नूतनीकरणानंतर त्याची कमाल पट्टरुंदी ४०० मेगॅहर्ट्‌झ झाली. एवढ्या पट्ट्यासाठी सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. नमुना ४ बिटांचा धरल्यास एका अँटेनाच्या दोन ध्रुवणांची माहिती सेकंदाला ६४० कोटी बिट होते व ती १० गिगॅबिटच्या एका जोडणीत मावते. नमुना ८ बिटांचा केल्यास ती १,२८० कोटी बिट होईल व मावणार नाही. मानकानुसारी प्रकाराने अशा दोन जोडण्या बांधल्या, तरी एकाच प्रवाहाला त्यांपैकी एकच मिळेल. त्यासाठी उगमापाशीच ध्रुवणानुसार वा कंप्रता-पट्ट्यानुसार प्रवाहाचे विभाजन करावे लागेल. याउलट, एकाच सर्व्हरकडे शेकडो ग्राहक माहिती मागत असतील, तेथे प्रवाह मुळातच अनेक असल्याने भार बराचसा समान वाटला जातो.

देखरेख : जोडणीत विद्युत् संकेत आहे की नाही, हे लिनक्स ठराविक काळाने तपासते, यासाठी १०० मिलिसेकंदांचे अंतर रूढ आहे. परंतु स्विच चालू असून त्यापलीकडील मार्ग तुटला असेल, तर हा दोष या तपासणीत आढळत नाही. त्यासाठी दूरच्या ज्ञात पत्त्याकडे विचारणा करून उत्तर येते की नाही, हे पाहावे लागते. दोन्ही केबली एकाच स्विचला जोडल्या वा एकाच चरातून नेल्या, तर राखीव मार्ग नावापुरताच उरतो. शिवाय पहिली जोडणी बंद पडली, तरी काम सुरळीत चालू राहत असल्याने तो बिघाड कोणाच्या ध्यानात येत नाही आणि दुसरी बंद पडल्यावर सर्वच व्यवहार थांबतो. म्हणून बिघाडाची सूचना तत्काळ मिळण्याची व्यवस्था करणे आणि एकेक केबल मुद्दाम काढून अधूनमधून चाचणी घेणे, हे या पद्धतीचे अविभाज्य अंग मानले पाहिजे.