वजनाचं इंजेक्शन : घ्यावं की नको?

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गोष्ट. वाण देऊन-घेऊन झालं, तिळगूळ झाला, बटाटेवडे आले आणि आमच्या एका ताईंनी वडा परत केला! "नको गं, भूकच नाही." उपास असेल असं सगळ्यांना वाटलं. पण पाच मिनिटांत खरं काय ते बाहेर आलं. ताई आठवड्यातून एकदा पोटावर इंजेक्शन घेतात आणि चार महिन्यांत आठ किलो उतरल्या आहेत. झालं! वाणात काय मिळालं हे कुणी बघेचना. "कुठे मिळतं? केवढ्याला पडतं? मला आणून देशील?"

आणि मग दोन आठवड्यांनी दुसरी बातमी आली. त्याच घोळक्यातल्या एका वहिनींनी मैत्रिणीचं उरलेलं पेन घेतलं, काटा फिरवून मोठाच डोस टोचून घेतला आणि तीन दिवस उलट्या करून शेवटी रात्री दोन वाजता सलाईन लावायला इमर्जन्सीत दाखल झाल्या. नशिबाने थोडक्यात निभावलं.

मंडळाच्या आरोग्य शिबिराचं काम पाहणारे आम्ही चार-पाच जण. त्यातले दोघे दवाखान्यात नोकरी करणारे, बाकीचे तुमच्यासारखेच. या स्मरणिकेत यंदा ह्याच विषयावर लिहायचं असं आम्ही त्याच दिवशी ठरवलं. आमच्यातला एक जण स्वतः हे औषध घेतो, तेव्हा 'हे सगळं थोतांड आहे' असंही आम्ही म्हणणार नाही आणि 'जादू आहे' असंही नाही.

पहिल्यांदा एक गोष्ट मनातून काढून टाकू या. भूक म्हणजे नुसतं रिकामं पोट नव्हे. पोट आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची ये-जा चालू असते आणि हे निरोप्ये म्हणजे संप्रेरकं, म्हणजेच हार्मोन्स. आपण जेवलो, अन्न लहान आतड्यात पोचलं, की तिथल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाला सांगतं, साखर वाढते आहे, इन्सुलिन सोड. जठराला सांगतं, जरा सावकाश पुढे ढकल. आणि मेंदूला सांगतं, पुरे आता. आजी 'अर्धपोटी उठावं' म्हणायची ना, तोच सल्ला हे संप्रेरक आतून देत असतं. पण अडचण अशी की हे शरीरातलं जीएलपी-१ जेमतेम दोन मिनिटं टिकतं. डीपीपी-४ नावाचं एक एन्झाइम त्याचे लगेच तुकडे करतं. (तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डब्यात व्हिल्डाग्लिप्टिन किंवा सिटाग्लिप्टिनची गोळी असेल. ती ह्याच एन्झाइमला अडवते. म्हणजे ह्या घराण्याशी आपली ओळख जुनीच आहे.)

मग दोन मिनिटांचा निरोप आठवडाभर कसा टिकवायचा? इथे गोष्टीत एक सरडा येतो. खरंच! अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात 'हीला मॉन्स्टर' नावाचा एक विषारी सरडा राहतो. तो वर्षातून मोजक्याच वेळा जेवतो. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन एंग यांना १९९२ च्या सुमारास त्याच्या विषात जीएलपी-१ शी मिळतंजुळतं पण सहजासहजी न तुटणारं एक द्रव्य सापडलं. त्यावरून एक्झेनाटाइड हे औषध तयार झालं आणि २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झालं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. पुढे लिराग्लुटाइड आलं, ते रोज एकदा. मग सेमाग्लुटाइड, ज्याला आपण 'ओझेम्पिक' आणि 'वेगोवी' या नावांनी ओळखतो. त्याच्या रेणूला स्निग्धाम्लाची एक शेपटी जोडलेली आहे. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून ठेवते, त्यामुळे औषध आठवडाभर रक्तात फिरत राहतं. ओझेम्पिक २०१७ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी आलं, वेगोवी २०२१ मध्ये वजनासाठी. टिर्झेपाटाइड, म्हणजे 'मौंजारो', हे २०२२ चं. ते जीएलपी-१ बरोबर जीआयपी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

या संशोधनासाठी जोएल हॅबनर, स्वेतलाना मोइसोव आणि लोट्टे ब्येरे क्नुडसन या तिघांना २०२४ मध्ये लास्कर पारितोषिक मिळालं. त्यातल्या मोइसोवबाईंना आपल्या वाट्याचं श्रेय मिळवायला कित्येक वर्षं झगडावं लागलं. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता प्रत्यक्ष काय होतं? आमच्या सदस्याने सांगितलं ते असं : "गुरुवारी रात्री बुफेला गेलो की पूर्वी पहिली प्लेट खातानाच दुसरीत काय घ्यायचं याचा विचार चालू असायचा. घरी आल्यावर फ्रीज, टीव्हीसमोर फरसाण. दिवसभर डोक्यात खाण्याची भुणभुण. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती भुणभुणच बंद पडली. समोर गुलाबजाम आहे आणि मी त्याच्याकडे बघत नाहीये, हे मला स्वतःलाच खरं वाटेना!" आम्हाला हे ऐकून एक गोष्ट पटली. जाड माणसाला आपण इतकी वर्षं 'तोंडावर ताबा ठेव' म्हणत आलो, ते पुष्कळदा अन्यायाचं होतं. ज्याच्या मेंदूला 'पुरे' हा निरोपच नीट पोचत नाही त्याला संयमाचे धडे देऊन काय उपयोग?

आकडे बघायचे तर सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या अभ्यासात १,९६१ जण होते. ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के घटलं, नुसतं पाणी टोचलेल्यांचं २.४ टक्के. टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसावर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के घट झाली. म्हणजे नव्वद किलोचा माणूस एकाहत्तर-बाहत्तरवर. लक्षात ठेवा, ही सरासरी आहे. कुणाचं खूप उतरतं, तर कुणाचं जेमतेम. आणि या सगळ्यांना आहाराचा सल्ला आणि व्यायामही दिलेला होता. २०२३ च्या आणखी एका अभ्यासात, हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७ हजारांहून अधिक जाड व्यक्तींमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या दिसण्याचा प्रश्न नाही, तो हा असा.

पण बंद केलं की? इथेच बहुतेकांची फसगत होते. त्याच पहिल्या अभ्यासातल्या काही जणांचं औषध थांबवून वर्षभर त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं. चष्मा काढून ठेवला की नंबर जातो का? तसंच हे. 'मुलीच्या लग्नापर्यंत तीन महिने घेते' या हिशेबाने सुरू करणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा. ब्लडप्रेशरच्या गोळीसारखी ही लांबची वाट आहे आणि दर महिन्याला दिनार मोजायचे आहेत. नुसत्या वजनासाठी विमा कंपन्या बरेचदा हात वर करतात, तेही विचारून घ्यावं.

आता आपल्या मराठी माणसांची एक खास गोष्ट, जी बाहेरच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकसाहेबांची २१.२ टक्के! त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या गरोदर बायांचा अभ्यास याज्ञिकांच्या चमूने केला होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली ३.५ किलोंची. पण बारीक दिसणाऱ्या आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने भरपूर राखलेली. 'बारीक पण चरबीदार', असं हे आपलं जन्मजात भांडवल!

म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर, ही धोक्याची रेघ. शिबिरात आम्ही टेप घेऊन उभे राहतो तेव्हा सगळे श्वास आत ओढून धरतात, हे सांगायलाच हवं! त्यात बहारीनची हवा. उन्हाळ्यात घर ते गाडी, गाडी ते ऑफिस. पाय जमिनीला लागतात ते मॉलमध्येच. करक चहा गोड, हलवा त्याहून गोड. इथल्या सरकारने २०१७ च्या अखेरीस कोल्ड्रिंकवर ५० टक्के कर लावला तो काही उगाच नाही.

पण ह्याच भांडवलामुळे इंजेक्शन घेताना आपल्याला जास्त जपायला हवं. जे वजन उतरतं ती सगळी चरबी नसते. निरनिराळ्या अभ्यासांत घटलेल्या वजनापैकी पाव हिश्श्यापासून ४० टक्क्यांपर्यंत भाग हा स्नायू वगैरेंचा निघाला आहे. ज्याच्याकडे मुळातच स्नायू कमी, त्याने तेही घालवले तर हाती काय उरणार? तेव्हा भूक मेली म्हणून नुसत्या चहा-बिस्किटावर दिवस काढायचा नाही. जे चार घास जातील त्यात उसळ, दही, पनीर, अंडी, सेंट्रल मार्केटमधला हामूर नाहीतर साफी असं काहीतरी हवंच. आणि चालण्याबरोबर थोडी वजनं उचलायची. काकूंनीसुद्धा! पाण्याच्या दोन बाटल्या चालतील.

त्रासाचं म्हणाल तर मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, क्वचित जुलाब. म्हणूनच डोस पायरीपायरीने वाढवतात. वेगोवी ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि साधारण चार-चार आठवड्यांनी चढवत २.४ पर्यंत नेतात. आमच्या वहिनींनी नेमक्या ह्याच पायऱ्या गाळल्या होत्या. वजन झपाट्याने उतरलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात. पोटात असह्य कळ येऊन पाठीकडे गेली तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. त्या वेळी ओवा-सोडा घेत न बसता सरळ हॉस्पिटल गाठावं. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल तर हे औषध घेत नाहीत. गरोदरपणात तर नाहीच. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. आणि टिर्झेपाटाइड सुरू करताना गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, हे नवऱ्यालाही माहीत असू द्या. मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा बिघडला असेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत. ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचं आठवणीने सांगावं, कारण जठर उशिरा रिकामं होतं.

उपासाचं वेगळं सांगावं लागतं. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यावर हे इंजेक्शन आणि वर नवरात्राचे नऊ दिवस, अशा वेळी साखर धोकादायक उतरू शकते. देव समजून घेईल, साखर नाही घेणार. डॉक्टरांशी बोलून मगच काय ते ठरवा.

बहारीनच्या उन्हाचा विचार तर आधी करायला हवा. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत, फ्रीजमध्ये ठेवायचं, पण फ्रीजरमध्ये नाही. गोठलं तर फेकून द्यायचं. जुलैत 'पाच मिनिटांत येतो' म्हणून गाडीत ठेवलेलं पेन म्हणजे भट्टीत ठेवलेलं पेन. मुंबईला जाताना ते हातातल्या बॅगेत, थंड पिशवीत ठेवा. विमानाच्या पोटात सामानाबरोबर टाकू नका. आणि प्रिस्क्रिप्शन सोबत असू द्या.

भारतात मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोवी जून २०२५ मध्ये आलं. सेमाग्लुटाइडच्या तिथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ ची. म्हणजे भारतीय कंपन्यांना स्वस्त औषध काढायला वाट मोकळी. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यामुळे 'येताना चार पेनं आण गं' हे प्रकारही वाढणार. आणणारी मैत्रीण चांगलीच असेल, पण तिला तुमची किडनी आणि तुमचं पित्ताशय माहीत नाही. बनावट मालाचाही धोका आहे. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेल्या नकली सेमाग्लुटाइडबद्दल जगाला इशारा दिला होता. आणि पेन दुसऱ्याचं वापरायचंच नाही, सुई बदलली तरीसुद्धा.

शिबिरात येणाऱ्या कामगार बांधवांबद्दल एक सांगायचं राहिलं. २०२२ पासून पुढे जगभर ओझेम्पिकचा तुटवडा पडला, कारण मधुमेह नसलेल्यांनीही रांग लावली. आमच्या टेबलाशी येणाऱ्यांना या रांगेचा पत्ताच नाही. त्यांचा प्रश्न साध्या मेटफॉर्मिनचा असतो. गावाहून आणलेला डबा संपला की पुढची सुट्टी येईपर्यंत खाडा. आपण पेनाच्या किमतीवर चर्चा करतो तेव्हा त्यांचा चेहरा आमच्या डोळ्यांसमोर येतो.

आणि हो, त्या वहिनी. सलाईन लावलं त्या रात्री रक्त तपासलं तर तीन महिन्यांची साखर ७.८ निघाली. त्यांना मधुमेह होता आणि पत्ताच नव्हता. आता रीतसर डॉक्टरांकडे जातात. इंजेक्शन चालू आहे, पण सगळ्यांत खालच्या पायरीपासून. पुढच्या हळदीकुंकवाला तिळगुळाची अर्धीच वडी घेणार, असं त्यांनी आम्हाला आत्ताच सांगून ठेवलं आहे.