राउटर दाराशी, लॅपटॉप माडीवर

वेल्सच्या मध्यभागी, पॉइस परगण्यात अबेरहोसन नावाचं छोटं गाव आहे. तिथे दीड वर्षं रोज सकाळी सात वाजता इंटरनेट कोलमडायचं. ब्रिटनमधल्या फोनच्या तारांचं जाळं सांभाळणाऱ्या ओपनरीच कंपनीच्या इंजिनिअरांनी लाइन पुन्हापुन्हा तपासली, केबलचे मोठाले तुकडे बदलले, तरी फरक पडेना. शेवटी ते स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर नावाचं, विद्युत लहरींचा गोंगाट टिपणारं यंत्र घेऊन पहाटे गावभर फिरले. सात वाजले, यंत्रावर गोंगाट उसळला आणि माग एका घरापर्यंत जाऊन थांबला. त्या घरात एक जुना सेकंडहँड टीव्ही रोज सातला सुरू व्हायचा आणि त्यातून निघणाऱ्या झटक्याने अख्ख्या गावाचं ब्रॉडबँड बसायचं. घरच्यांना हे कळताच फार वाईट वाटलं आणि त्यांनी तो टीव्ही कायमचा बंद केला. सप्टेंबर २०२० मध्ये ही हकिगत जगभर पोचली.

दोष कुठे आहे हे ठरवण्याआधी केबल बदलल्या गेल्या, म्हणून दीड वर्ष गेलं. घरातलं वाय-फाय रखडलं की आपणही तेच करतो. कुणी नवा लॅपटॉप घेतं, कुणी महागडं पॅकेज, कुणी बूस्टर. पैसे घालण्याआधी अर्धा तास मोजमापाला द्यावा, असं मला कळकळीने सांगायचं आहे.

लॅपटॉपपर्यंतच्या वाटेचे दोन टप्पे असतात. कंपनीपासून राउटरपर्यंतचा पहिला, राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचा दुसरा. लॅपटॉप नेटवर्क केबलने थेट राउटरला जोडा (केबलचं भोक नसेल तर स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर मिळतो), लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, घरातली बाकीची उपकरणं थांबवा आणि वेग तपासा. मग केबल काढून राउटरशेजारीच वाय-फायवर तपासा. शेवटी नेहमीच्या खोलीत, नेहमीच्या खुर्चीत बसून. तिन्ही आकडे कागदावर लिहा. समजा केबलवर ६५ मेगाबिट आले, राउटरशेजारी ६०, आणि माडीवर ७, तर कंपनीला फोन करून काही हाती लागणार नाही. दोष घरातच आहे.

ब्रिटनमध्ये तो घरात का सापडतो, याला घरांचा इतिहास कारण आहे. १९८१ पर्यंत इथला फोन सरकारी टपाल खात्याचा असे आणि तारेला कायमचा जोडलेला असे. खटकन काढता-लावता येणारं सॉकेट त्या वर्षी आलं. फोनची जागा बहुधा पुढच्या दाराशी, जिन्याखालच्या बोळात. पुढे ब्रॉडबँड त्याच तारेवरून आलं, त्यामुळे मुख्य सॉकेट दाराशी आणि राउटरही तिथेच, कित्येकदा बुटांच्या कपाटामागे जमिनीवर. मार्च २०२० च्या लॉकडाउनने ऑफिस घरात आणलं ते मात्र मागच्या बेडरूममध्ये किंवा लॉफ्टमध्ये. दाराशी असलेल्या राउटरची लहर तिथवर पोचायची म्हणजे व्हिक्टोरियन घरात जाड विटांच्या भिंती आणि चिमणीचा भक्कम खांब ओलांडावा लागतो. नव्या बांधणीत भिंती पातळ असतात, पण थंडी रोखण्यासाठी बसवलेल्या फळ्यांना अ‍ॅल्युमिनियमचा पातळ वर्ख असतो आणि धातूवर आपटून रेडिओलहर मागे फिरते. वाढवलेल्या लॉफ्टच्या छपरात या फळ्या हमखास सापडतात. हाउन्स्लो किंवा स्लाउच्या घरातून रविवारी दुपारी पुण्याला आईबाबांना व्हिडिओ कॉल लावावा आणि त्यांचा चेहरा अर्धवट हसताना गोठून जावा, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

राउटर सहसा दोन लहरींवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे लांब जाते, पण तिच्यावर गर्दी फार. ब्रिटनमध्ये तिचे तेरा चॅनेल आहेत, त्यातले एकमेकांवर न चढणारे जेमतेम तीन: १, ६ आणि ११. एकाला एक चिकटलेल्या टेरेस घरांच्या रांगेत शेजाऱ्यांचे डझनभर राउटर याच तिघांत भांडतात. मायक्रोवेव्हची शेगडीही २.४५ वरच चालते, म्हणून २०२० मध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने व्हिडिओ कॉलच्या वेळी ती न वापरण्याचा सल्ला दिला. त्याआधी २०१५ च्या डिसेंबरात याच संस्थेने नाताळच्या माळांकडे बोट दाखवलं आणि वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं. माळांचा अडथळा खरा असला तरी किरकोळ. भिंत आणि शेजारचा राउटर यांचा वाटा कितीतरी मोठा. ५ गिगाहर्ट्झवर वेग आणि मोकळीक दोन्ही आहेत, मात्र ती लहर भिंतीशी लवकर थकते. राउटरच्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५, दूर मात्र २.४, असं साधारण धरून चालावं.

म्हणून पहिला उपाय फुकटचा. राउटर जमिनीवरून उचलून उघड्या फळीवर ठेवा. टीव्हीमागे नको, माशांच्या टाकीजवळही नको, पाणी लहर शोषतं. तरी भागलं नाही तर माडीपर्यंत नेटवर्क केबल ओढणं सगळ्यात खात्रीचं. भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नसतील तर विजेच्या तारांमधून इंटरनेट नेणारे पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टर किंवा घरात दोन-तीन डबे ठेवून वाय-फाय पसरवणारं मेश. मेशचा दुसरा डबा मात्र रेंज नसलेल्या खोलीत ठेवू नका, अर्ध्या वाटेवर ठेवा. त्यालाच नीट ऐकू आलं नाही, तर तो पुढे काय पोचवणार?

आता लॅपटॉप. विंडोज ११ च्या सेटिंगमध्ये वाय-फायची माहिती उघडली की जोडणीचा वेग आणि बँड दिसतो. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की आरएसएसआय हा लहरीच्या ताकदीचा आकडा दिसतो. उणे ५० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ७० च्या खाली गेला की रखडणं आलंच. जुन्या लॅपटॉपला कधीकधी ५ गिगाहर्ट्झ येतच नाही. आणखी एक गुन्हेगार सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: यूएसबी ३ ची बाहेरची हार्डडिस्क. तिच्या तारेतून २.४ च्या पट्ट्यात गोंगाट सांडतो, इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलं आहे. डिस्क काढून वेग पाहा. गणपतीतले व्हिडिओ गुपचूप क्लाउडवर चढत असतील तर वर जाणारी वाट तुंबते आणि कॉल अडखळतो. ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर आकडा ऑफिसच्या वाटेचाही असतो, म्हणून तपासताना ते बंद ठेवा.

केबलवरचाच आकडा कमी आला तर मात्र दोष पहिल्या टप्प्यात आहे. तांब्याच्या लाइनवर मुख्य सॉकेटची पुढची पट्टी उघडली की आत चाचणीचं सॉकेट असतं. राउटर तिथे लावून वेग वाढला, तर घरातली जुनी फोनवायर बिघाड करते आहे. एक काळजी घ्या: अशा लाइनवर राउटर सारखा बंद-चालू करू नये. लाइनवर लक्ष ठेवणारी यंत्रणा ती डळमळीत समजून वेग आपणहून खाली आणते.

ऑफकॉमच्या १ मार्च २०१९ पासूनच्या आचारसंहितेनुसार, तिच्यावर सही केलेल्या मोठ्या कंपन्यांना करार करतानाच किमान हमीचा वेग सांगावा लागतो. वेग त्याखाली गेला आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत सुधारला नाही, तर दंड न भरता करार सोडता येतो. ही हमी राउटरपर्यंतच्या वेगाची असते, माडीवरच्या वाय-फायची नव्हे. फोन केल्यावर पहिला प्रश्न हमखास येतो, केबल लावून मोजलंत का? त्या वेळी रात्री आठ ते दहाच्या गर्दीत, तीन-चार वेगवेगळ्या दिवशी केबलवर मोजलेले आकडे तारीखवार समोर असले पाहिजेत.