इंजिनाच्या पोटातला वारा

जुनी गाडी बघायला जाताना ओळखीचा मिस्त्री सोबत नेला, तर तो रंगाकडे, सीटकव्हरकडे ढुंकूनही बघत नाही. बॉनेट उघडतो, इंजिन चालू ठेवायला सांगतो, ऑइलचं झाकण काढतो आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा त्या भोकावर तळहात ठेवतो. हाताला फुसफुस धक्के बसले, धूर दिसला, की मान हलते : "बॅक कॉम्प्रेशन मारतेय." घाटकोपर असो की बोरिवली, गॅरेजात हे शब्द ऐकले की गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा येतो. कारण पुढचं वाक्य बहुधा "इंजिन खोलावं लागेल" हेच असतं.

पण हा वारा इंजिनाच्या पोटात येतो कुठून? गंमत म्हणजे तो प्रत्येक इंजिनात असतो. आज सकाळी शोरूममधून बाहेर पडलेल्या गाडीच्याही.

पिस्टनभोवती ज्या रिंगा असतात, त्यांतली एकही अखंड नसते. तापल्यावर फुगायला जागा हवी, म्हणून तिच्या दोन टोकांत बारीकशी फट मुद्दाम ठेवलेली असते. पिस्टनच्या वर इंधनाचा स्फोट होतो तेव्हा तापमान दोन हजार अंशांच्या पुढे, दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर असे स्फोट सेकंदाला १०० होतात. दर स्फोटाला चिमूटभर वायू रिंगांना चुकवून खाली, ऑइलच्या कोठीत उतरतो.

त्यात काय असतं? न जळलेलं इंधन, काजळी, आम्लं आणि चक्क पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. सीएनजी म्हणजे प्रामुख्यानं मिथेन. एक किलो मिथेन जळल्यावर सव्वादोन किलो पाणी होतं! बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी खाली उतरतेच. पावसाळ्यात गाडी फक्त स्टेशनपर्यंत नेऊन आणली, तर इंजिन पुरतं तापत नाही. वाफेचं आतच पाणी होतं, ते ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कॉफीच्या फेसासारखा पिवळट थर धरतो.

हा वारा पूर्वी एका नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडून देत. लॉस एंजेलिसचं आकाश धुरकटल्यावर माणसं जागी झाली. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून आणि अमेरिकाभर १९६३ पासून नव्या गाड्यांत एक छोटा वॉल्व्ह आला : पीसीव्ही. इंजिन हवा आत ओढतंच, मग त्याच ओढीनं पोटातला वारा खेचून पुन्हा जाळून टाकायचा. एअर फिल्टरकडून स्वच्छ हवा एका नळीनं पोटात शिरते, घाण सोबत घेते आणि वॉल्व्हमधून पुन्हा सिलिंडरकडे जाते. इंजिन आपली ढेकर आपणच गिळतं.

आणि हा वॉल्व्ह म्हणजे काय? बोटभर डबी, आत एक खुंटी आणि एक स्प्रिंग. वीज नाही, सेन्सर नाही. साकीनाक्याच्या सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा ओढ जबर असते, पण वारा कमी. खुंटी ओढली जाते, वाट अरुंद होते. घोडबंदरचा चढ चढताना वारा वाढतो आणि ओढ मंदावते. स्प्रिंग खुंटीला मागे ढकलते, वाट रुंद होते. इंजिननं उलटा भडका मारलाच, तर खुंटी वाट पार बंद करते, म्हणजे ज्वाळा ऑइलपर्यंत पोचत नाही. एक स्प्रिंग तिन्ही प्रसंग ओळखते!

आता ही वाट चिकट काजळीनं बुजली तर? नाला तुंबला की अंधेरी सबवेचं जे होतं, तेच. पाणी जिथं सखल तिथं शिरतं, वारा जिथं सील कच्चं तिथून ऑइल बाहेर ढकलतो. टॅपेट कव्हर पाझरतं, एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल सापडतं. सील बदलून महिना होत नाही तोच पुन्हा गळती. उलट नळी चिरली, तर हिशेबाबाहेरची हवा आत घुसते : इंजिन थरथरतं, कधी शिट्टी वाजते, डॅशबोर्डवर दिवा लागतो.

म्हणून चांगला मिस्त्री तळहातावर थांबत नाही. वॉल्व्ह काढून कानाशी हलवतो. टकटक वाजला तर खुंटी मोकळी, मुका राहिला तर अडकलेली. मग आयडलवर एअर फिल्टरकडची नळी दाबून धरतो आणि झाकणाच्या भोकावर पातळ कागद ठेवतो. कागद हलकेच चिकटला तर सगळं ठीक; उडाला तर वाट बंद आहे किंवा वारा वाटेला पेलवत नाही. वॉल्व्ह आणि नळ्या स्वच्छ असूनही कागद उडत राहिला, तरच रिंगांवर संशय घ्यायचा. तेव्हा प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. इंजिन खोलायची भाषा त्यानंतर.

ज्या कुर्ल्यात कधीकाळी प्रीमियर पद्मिनी तयार होत, तिथंच आज सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. दरवाजा, आरसा तिथून जरूर आणा. ही डबी आणि तिची नळी मात्र नवीच घ्या. उष्णतेनं आणि ऑइलनं जुन्या नळीचं रबर आधीच कडक झालेलं असतं. इंजिन बांधायच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ.

नवा वॉल्व्ह बसतो. मिस्त्री पुन्हा भोकावर कागद धरतो. मघाशी फडफडणारा कागद आता चिकटून बसतो. मिस्त्री तो सोलून काढतो, त्यालाच हात पुसतो आणि झाकण लावतो.